गुरुवारी अडणारी जीप

खिंडीच्या अलीकडे जीपने पहिला ठसका दिला, तेव्हा गुंडूमामांनी उजव्या पायातली चप्पल काढून मागे फेकली आणि अनवाणी पायाने ॲक्सिलरेटर दाबला. मध्ये चप्पल असली की गाडीच्या मनातलं कळत नाही, असा त्यांचा ठाम समज होता. पाय खालच्या पत्र्याला टेकला तरी गाडीने वेग म्हणून घेतला नाही. उलट घशात काहीतरी अडकल्यासारखी ती दोनतीनदा हिसके देऊन खोकली.

"चल गं बये," मामा म्हणाले, "आज तरी म्हसोबापतुर चल."

बयेने ऐकलं नाही. ती चढावर मधोमध बंद पडली. मामांनी हँडब्रेक ओढला, उतरून चाकामागे दगड लावला आणि बॉनेट उघडलं. मांडीवरची लशीची पेटी सांभाळत मी म्हणाले, "हा पाचवा गुरुवार, मामा."

"मोजू नगासा ओ सिस्टर. मोजलं की वाढतंय."

ही गोष्ट शहाऐंशी सालच्या थंडीतली. कोल्हापूरच्या पश्चिमेला, डोंगराच्या कुशीत एका धर्मादाय ट्रस्टचा दवाखाना होता आणि मी तिथे नर्स होते. डॉक्टर आठवड्यातून दोनदा यायचे. एरवी दवाखाना म्हणजे मी, रेडेकर कंपाउंडर आणि गुंडूमामा ड्रायव्हर. दर गुरुवारी जीपने अकरा किलोमीटर घाट चढून डोंगरमाथ्याच्या सड्यावरच्या तीन धनगरवाड्यांवर जायचं, पोरांना लस द्यायची, गरोदर बायका तपासायच्या, हे माझं काम. त्या वाटेवर एसटी जात नव्हती. जायची ती आमची जीपच, लष्कराच्या लिलावातून आलेली, चारही चाकांनी ओढणारी, माझ्याहून वयाने मोठी. पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखालीच, त्यामुळे गाडीत बसलं की नाकात पेट्रोल आणि कानात खडखडाट असा दुहेरी पाहुणचार व्हायचा.

दिवाळी झाली आणि या जीपला गुरुवारचं वेड लागलं. सुरुवातीचे चारपाच किलोमीटर झकास जायची. मग दम कमी व्हायचा, ॲक्सिलरेटरला दाद देईनाशी व्हायची आणि नेमकी खिंडीखाली बंद पडायची. मामा नळ्या फुंकायचे, वायरी हलवायच्या, मग सीट उचलून टाकीत काठी घालून पेट्रोल किती आहे ते पाहायचे. तोवर वीस-पंचवीस मिनिटं झालेली असायची. शेवटी खिंडीतल्या म्हसोबाला नारळ बोलायचे आणि बटण दाबायचे. गाडी सुरू! मामा माझ्याकडे अशा नजरेने बघायचे की देवावर शंका घ्यायची माझी छाती होत नसे. पण त्याच फेरीत वर पोचेपर्यंत ती आणखी एकदा तरी अडायचीच. म्हसोबाचं राज्य खिंडीपुरतंच, असं मामांचं त्यावर उत्तर होतं.

या घोळात आम्ही वर पोचायचो ते उन्हं चढल्यावर. बायका गुरं घेऊन रानात गेलेल्या असायच्या. पेटीतला बर्फ वितळायचा. त्या पाचव्या गुरुवारी तर आम्ही अर्ध्या वाटेतून परत आलो आणि सगळी लस ओतून टाकावी लागली. वर ठकूबाई झोरे नावाची एक बाई होती, आठवा महिना, रक्तदाब वाढलेला, पाय सुजलेले. तिला दर आठवड्याला बघणं भाग होतं. त्या गुरुवारी तिला कुणीच बघितलं नाही.

हे ट्रस्टींच्या कानावर गेलं. ट्रस्टी म्हणजे मगदूम अण्णा. माणूस वाईट नव्हता, पण वेळेचा भारी पक्का. ते दवाखान्यात आले, व्हरांड्यात उभ्याउभ्याच बोलले. "येत्या गुरुवारी मी स्वतः गाडीत बसतो. वर नीट गेली तर ठीक. अडली तर फेरी बंद. जीप भंगारात आणि गुंडूला आता विश्रांती. वरच्या बायकांनी यावं खाली."

"आठव्या महिन्यातली बाई अकरा किलोमीटर उतरून येईल, अण्णा?" मी विचारलं.

"मग गाडीला सांगा न अडायला," असं म्हणून ते गेले.

मामा फडकं घेऊन जीपची काच पुसत राहिले, स्वच्छच होती तरी.

मी त्याच दुपारी जीपबरोबर बाबालाल मिस्त्रीच्या गॅरेजात गेले. बाबालालने पाच आठवड्यांत प्लग बदलले होते, पॉइंट घासले होते, कार्बोरेटर धुतला होता, पेट्रोलचा पंप उघडून नवा पडदा घातला होता. त्याने आमच्यासमोर गाडी पळवून आणली. गावाबाहेरच्या टेकाडावर चढवली, उतरवली. इंजिन एका लयीत गुरगुरत होतं.

"ही गाडी आजारी न्हाई सिस्टर," हात पुसत तो म्हणाला. "ही सोंग करत्या. गॅरेजात शानी आन घाटात येडी. मी आता काय खोलू? नंबर प्लेट तेवढी ऱ्हायल्या."

मग मी माझ्या पद्धतीने सुरू केलं. लेकराला झटका येतो म्हणून आई घेऊन आली की आम्ही आधी लेकराला हात लावत नाही, आईला विचारतो. कधी येतो? किती वेळ टिकतो? आधी काय खाल्लं होतं? मी मामांना गॅरेजातल्या बाकड्यावर बसवलं आणि तेच विचारलं.

"मंगळवारी तालुक्याला औषधं आणायला जाता, तेव्हा अडते?"

"न्हाई."

"तिकडंही घाट आहेच की."

"हाय तर. ह्याच्यापरास खडा हाय."

"पेट्रोल तेच?"

"त्याच पंपावरचं."

"मग गुरुवारी निराळं काय असतं?"

मामा वाकून चपलेचा अंगठा सारखा करायला लागले. उत्तर बाबालालने दिलं, आणि मनात काही वाईट नसताना दिलं. "गुरुवारी तुम्ही असता."

रेडेकर कंपाउंडर तर हे महिनाभर म्हणतच होता. उचलली जीभ लावली टाळ्याला, असा तो माणूस. "एरवी गाडी घोड्यागत पळती आन सिस्टर बसल्या की अडती. पायगुन, दुसरं काय!" सगळे हसायचे, मीही हसायचे.

पण मला ते लागायचं. लग्नाला सहा वर्षं झाली होती. दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यातच सगळं संपलं. सासरी पायगुण हा शब्द मी इतक्यांदा ऐकला होता की घरात भांडं पडलं तरी मला वाटायचं, माझ्यामुळेच. आणि आता तिसऱ्यांदा दिवस राहिले होते. इचलकरंजीला सूतगिरणीत असणाऱ्या नवऱ्याखेरीज मी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर फेरी बंद करून मला खुर्चीवर बसवलं असतं. आणि खरं सांगायचं तर, बोलून दाखवलं की जाईल, अशी भीती माझ्यासारख्या शिकलेल्या बाईच्याही पोटात होती. मामांनी गुरुवार मोजू नका म्हटलं, तेव्हा मला हसू आलं नव्हतं ते त्यामुळे.

गॅरेजातून परतताना मला मनापासून वाटलं, की रेडेकर म्हणतो तेच खरं असावं. विचारून विचारून माझ्या हाती दुसरं काहीच लागलं नव्हतं.

तो गुरुवार उजाडला. सकाळी सातलाच जुलाब-उलट्यांनी थकलेली एक बाई दवाखान्यात आली. रेडेकरने तिला सलाईन लावलं आणि हाक मारली, "सिस्टर, थेंब थांबलं बगा! नळी चोंदल्या."

जाऊन पाहिलं. तेव्हा सलाईनच्या बाटल्या काचेच्या असायच्या. त्यांच्या रबरी बुचात एक सुई नळीची आणि दुसरी नुसतीच, हवा आत जायला. रेडेकर दुसरी सुई विसरला होता. मी जाडशी सुई बुचात खुपसली. बाटलीत बुडबुडे वर गेले आणि थेंब पडायला लागले.

"रोग रेड्याला आणि औषध पखालीला," मी म्हणाले. "नळीला कशाला बोल लावता? वरून हवा जाईना तर खालून पाणी कसं येईल?"

तेवढ्यात बाहेर अण्णांचा घसा खाकरण्याचा आवाज आला. घड्याळात बरोबर आठ वाजले होते.

अण्णा पुढे मामांशेजारी बसले. मी मागच्या बाकड्यावर, मामांच्या पाठीशी, मांडीवर पेटी घेऊन. पहिले चार किलोमीटर झकास गेले. दिवाळीच्या सुमाराला या गाडीत पेट्रोलच्या वासाने माझा जीव नकोसा व्हायचा. पदर नाकाला लावून, तोंडात आवळासुपारी धरून मी कसाबसा घाट चढायचे. अलीकडे वास कमी येत होता. चौथा महिना लागत आला म्हणून असेल, असं मला वाटत होतं. मामा खड्डे चुकवत, नवी नवरी घेऊन निघाल्यासारखी गाडी हाकत होते.

"जरा रेट की गुंड्या," अण्णा म्हणाले.

मामांनी रेटलं. गाडीने रेटून घेतलं नाही. पाचव्या किलोमीटरला दम गेला, सहाव्याला ठसका लागला. मामांनी चप्पल काढली. मी पेटी आवळून धरली. खिंड समोर दिसत असताना जीप थांबली.

"झालं," अण्णा म्हणाले. आवाजात राग नव्हता, त्यामुळे जास्तच वाईट वाटलं. ते उतरले, पुढे जाऊन बॉनेटपाशी उभे राहिले. "गुंड्या, तुझा दोष नाही. गाडीचं वय झालं, तुझंही झालं. आता ओढाताण नको."

मामांनी मान हलवली. बॉनेट उघडून दिलं आणि सवयीने सीट उचलायला मागे आले. एरवी अशा वेळी मीही बॉनेटपाशी उभी असायचे, नळ्यांकडे बघत. त्या दिवशी तिथे अण्णा उभे होते, म्हणून मी जागेवरच बसून राहिले. मामांनी टाकीचं झाकण फिरवलं आणि मला एक आवाज आला. सूंऽऽ असा, लांबलचक. कुणीतरी बराच वेळ कोंडलेला श्वास आत घ्यावा तसा.

मी ताडकन सरळ बसले. डोळ्यासमोर सकाळची बाटली आली.

"मामा, ते झाकण लावू नका. काठी राहू द्या. आधी गाडी सुरू करा."

"अवो पर नारळ..."

"नारळ नंतर. बटण दाबा."

मामांनी दाबलं आणि जीप एका झटक्यात सुरू झाली. वीस मिनिटं नाही, पाच नाही, लगेच. अण्णा दचकून मागे सरले.

"मामा, टाकीत हवा कुठून जाते हो?"

"हवा?" मामा गोंधळले. "टाकीत पेट्रोल असतंय सिस्टर. हवा चाकात असती."

"झाकण दाखवा बघू."

मामांनी मूठ मिटली. इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी नाही म्हटलं नव्हतं, त्या दिवशी मात्र हात पाठीमागे नेला. मी हात पुढे करून तसाच ठेवला. शेवटी त्यांनी झाकण माझ्या तळव्यावर ठेवलं. झाकणाच्या मधोमध टाचणीएवढं भोक होतं, हवेसाठीच केलेलं. आणि ते भोक आतून बुजवत, कडेला चपखल बसलेली लाल रबराची एक चकती होती.

ती चकती मी ओळखली. कडेला एका जागी कात्री घसरून खाच पडली होती. ती कात्री माझीच.

दिवाळीत मी बाळंतपणाच्या टेबलावरची जुनी लाल रबरी शीट मोडीत काढली, तेव्हा दवाखान्यातल्या प्रत्येकाने तुकडा मागून नेला होता. रेडेकरने खलाखाली घालायला, झाडूवालीने दाराच्या फटीला. मामा कागदावर गोल काढून घेऊन आले होते. "एवढं गोल कापून द्या. हाय एक काम." मी दिलं होतं. काम काय, ते विचारलं नव्हतं.

"हे का लावलंत?" मी हळूच विचारलं.

"वाशेर हाय. घट्ट बसाय."

"गॅरेजात नेताना काढून ठेवत होता?"

"बाबालाल हसला असता."

"आणि मंगळवारी?"

"मंगळवारी कशापायी लावू?" मामा पुटपुटले. "मंगळवारी तुमी नसता."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो हा. म्हणजे गुरुवारचं निराळं कारण खरोखर मीच होते.

"काय सापडलं काय?" अण्णा पुढून ओरडले.

मामांचा चेहरा उतरला. पाच आठवडे ज्या गाडीसाठी त्यांनी नारळ फोडले, शिव्या खाल्ल्या, नोकरी घालवत आणली, तिचा गळा आपणच आवळत होतो, हे त्यांना त्या क्षणी कळलं होतं. तो सूंऽऽ आवाज त्यांनीही ऐकला होता आणि बुजलेलं भोक समोर होतं; बाटलीची आणि हवेच्या सुईची गोष्ट त्यांना सांगायची गरज राहिली नव्हती.

"सापडलं अण्णा!" मी मोठ्याने म्हणाले. "टाकीला श्वास मिळत नव्हता. दवाखान्यातलं रबर झाकणात बसलं होतं. मीच कापून दिलेलं. चूक माझी आहे."

"मग आता?"

"आता बसा. वर जाऊ या."

अण्णा बसायला वळसा घालून येत होते, तेवढ्या वेळात मामांनी चकती माझ्याकडून घेतली आणि शर्टाच्या खिशात टाकली. मग नुसतं झाकण टाकीला लावता लावता, माझ्याकडे न बघता, हळू आवाजात म्हणाले, "आता वास येनार बगा."

"येऊ दे."

"म्हैनाभर सोसा. पाचवा लागला की वास बाधत न्हाई."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगाय कशाला पायजे? तीन लेकींचा बाप हाय मी." त्यांनी सीट खाली टाकली आणि वरून हाताने धूळ झटकली. "गाडीत बसला की पदर नाकाला, आन खड्डा आला की हात पोटावर. धा वर्सं माज्या गाडीत बसताय, एवढं तरी कळतंयच की. म्हनलं, बोलायचं न्हाई. बोलायला न्हाई लागत असल्या येळंला. आपन आपलं झाकान घट्ट करावं."

मला रडू आलं. दोन्ही वेळच्या दुःखात कुणापुढे आलं नव्हतं इतकं आलं. सहा वर्षं सगळे माझे पाय बघत होते. आणि हा माणूस गाडी चालवता चालवता, समोरच्या आरशात, माझा हात कुठे जातो ते बघत होता. लशीच्या पेटीवर डोकं टेकून मी डोळे पुसून घेतले. अण्णा बसले तेव्हा त्यांना वाटलं, मी चुकीबद्दल रडते आहे. "असू द्या हो सिस्टर," ते म्हणाले. "माणसाच्याच हातून चुका होतात."

जीप सुटली ती थांबली नाही. मामांनी पाय दाबला की ती पुढे उसळत होती. खिंडीत म्हसोबा आला तेव्हा मामांनी चालत्या गाडीतूनच एक हात कपाळाला लावला. एक हात म्हणजे अर्धा नमस्कार, बाकीचा उतरताना. पेट्रोलचा भपकारा नाकात भरला, पोटात ढवळायला लागलं. एका वळणावर मान बाहेर काढून मी ओकलेसुद्धा. तोंड पुसून आत बसले आणि हसायला लागले. मळमळीचा इतका आनंद बाईला क्वचितच झाला असेल.

पुढे ती फेरी आणखी सात वर्षं चालली, वरपर्यंत डांबरी रस्ता होईपर्यंत. ठकूबाईला त्या दिवशी आम्ही त्याच जीपने खाली आणलं, पंधरा दिवस दवाखान्यात ठेवलं, आणि तिला मुलगा झाला. माझी मुलगी ज्येष्ठात झाली. रेडेकर पेढा खाताना म्हणाला, "पोरीचा पायगुन चांगला हाय हां सिस्टर." मी त्याला म्हटलं, पोरीचे पाय पाळण्यातच राहू द्या, तुम्ही सुई विसरू नका म्हणजे झालं.

पण मला आठवतं ते त्या सकाळचंच. साडेनऊच्या आत आम्ही पहिल्या धनगरवाड्यावर होतो. बायका अजून घरीच होत्या. जीपचा आवाज ऐकून पोरं कुंपणाबाहेर धावली. ठकूबाई सुजलेल्या पायांनी दारात येऊन उभी राहिली, कपाळावर हात आडवा धरून.

"आज येवड्या लौकर? गाडी अडली न्हाई व्हय?"

"न्हाई," मामा उतरत म्हणाले. "आता अडायची न्हाई. च्या टाक बाई, दमून आलोय. चौघं हाय आमी."

अण्णांनी मागे वळून जीपमध्ये पाहिलं. मग मामांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मनातल्या मनात पुन्हा मोजलं.

ठकूबाईने मात्र माझ्याकडे एकदाच पाहिलं. हसली, आणि चौथा कप काढायला आत गेली.